बोट 'डिटेन' होऊ नये म्हणून: टँकरवरच्या पीएससी तपासणीची तयारी

पायलट उतरून गेलेला असतो, शेवटची दोरी बोलार्डवर पडलेली असते, मॅनिफोल्डला लोडिंग आर्म जोडायचं काम चाललेलं असतं, आणि एजंट गँगवे चढता चढता सांगतो, "कॅप्टन, साडेदहाला पीएससी येतंय." पीएससी म्हणजे त्या बंदराच्या सरकारची तपासणी; तिच्यात गंभीर काही निघालं तर बोट 'डिटेन' होते, म्हणजे बंदरातच अडकवून ठेवतात. मग दीड तास बोटीवर जी पळापळ होते ती टँकरवर काम केलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) गंजावर रंग मारत सुटतो, थर्ड मेट लाइफबोटीतल्या बिस्किटांच्या तारखा बघतो, चीफ इंजिनिअर ऑइल रेकॉर्ड बुक (तेल आणि तेलकट पाण्याच्या हिशेबाची वही) उघडून बसतो, कुक गॅली धुऊन काढतो. ओला रंग तर सगळ्यात वाईट. तपासनीस हात टेकवतो, रंग हाताला लागतो, आणि इथं काय झाकलंय हा प्रश्न त्याच्या डोक्यात शिरतो तो शिरतोच.

मी बरीच वर्षं टँकरवर चीफ ऑफिसर होतो. आता किनाऱ्यावर असलो तरी नव्यानं बोटीवर चाललेली कोकणातली पोरं हाच प्रश्न विचारतात: सर, पीएससीवाले नक्की काय बघतात? याद्या हव्या तेवढ्या मिळतात. पण यादीतल्या शंभर गोष्टींपैकी बोट कशानं अडकते हे यादी सांगत नाही. माझ्या अनुभवात एकटीदुकटी त्रुटी बोट क्वचितच अडकवते. कागद एक सांगतो, लोखंड दुसरंच सांगतं आणि माणूस तिसरंच काहीतरी बोलतो, तेव्हा बोट अडकते. खालची सगळी तयारी या तिघांचा मेळ घालण्याची आहे.

हा माणूस कोण आणि त्याचा अधिकार कुठला

टँकरवर तपासणारे बरेच येतात. क्लासचा (बोटीच्या दर्जाचं प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचा) सर्व्हेयर येतो, फ्लॅगचा (जिचा झेंडा त्या देशाचा) येतो, तेल कंपन्यांचा सायर इन्स्पेक्टर येतो. सायरचा अहवाल वाईट गेला तर पुढचा माल मिळणार नाही, पण बोट बंदरातून सुटेल. पीएससी ऑफिसर मात्र त्या देशाच्या सरकारचा माणूस असतो. पोर्ट स्टेट कंट्रोल म्हणजे परक्या झेंड्याची बोट आपल्या बंदरात आली की तिथल्या सरकारनं तिची केलेली तपासणी. सोलास (सुरक्षा), मार्पोल (प्रदूषण), लोड लाइन (बोट किती भरायची), एसटीसीडब्ल्यू (खलाशांचं प्रशिक्षण) आणि एमएलसी (खलाशांचे हक्क) हे आंतरराष्ट्रीय करार त्याला हा अधिकार देतात. ज्या देशानं करार मान्यच केलेला नाही त्या देशाच्या झेंड्यालाही यातून सूट मिळत नाही.

ही व्यवस्था तेलानंच जन्माला घातली असं म्हटलं तरी चालेल. मार्च १९७८ मध्ये 'अमोको कॅडिझ' हा लायबेरियाच्या झेंड्याचा टँकर स्टिअरिंग गिअर निकामी होऊन फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर खडकांवर गेला आणि दोन लाख टनांहून जास्त कच्चं तेल समुद्रात सांडलं. खलाशांच्या राहणीमानावर नजर ठेवण्यासाठी युरोपातल्या काही देशांचा एक समझोता त्याच सुमारास आकाराला येत होता. या अपघातानंतर त्याची व्याप्ती वाढवावी लागली आणि १९८२ मध्ये १४ देशांच्या सागरी खात्यांनी पॅरिस एमओयू (समझोता करार) केला. पुढे टोकियो, ब्लॅक सी, रियाध वगैरे करत जगभर असे नऊ प्रादेशिक करार झाले; अमेरिकेचं कोस्ट गार्ड स्वतःची वेगळी व्यवस्था चालवतं. आपला भारत हिंद महासागर एमओयूमध्ये आहे. १९९८ मध्ये प्रिटोरियाला झालेला हा करार १ एप्रिल १९९९ पासून लागू झाला आणि त्याचं सचिवालय कित्येक वर्षं गोव्यातून चाललं. मुंबईत जवाहर द्वीपाला परदेशी टँकर लागला, तर त्यावर चढतो तो नौवहन महासंचालनालयाच्या हाताखालच्या मर्कंटाइल मरीन डिपार्टमेंटचा सर्व्हेयर.

पहिली पायरी: बंदर यायच्या आधी स्वतःची कुंडली बघा

तो गँगवेवर येतो तेव्हा त्याला तुमची माहिती आधीच असते. पॅरिस एमओयूच्या देशांत 'थेटिस' या संगणकीय नोंदीत तुमच्या बोटीचा ३६ महिन्यांचा इतिहास असतो: किती तपासण्या, किती त्रुटी, किती वेळा अडकली, झेंडा कुठला, क्लास कोणता, बोट चालवणारी कंपनी कशी. त्यावरून बोट जास्त, साधारण किंवा कमी जोखमीची ठरते. जास्त जोखमीच्या बोटीची पाळी ५ ते ६ महिन्यांनी येते, साधारण जोखमीच्या बोटीची १० ते १२ महिन्यांनी, कमी जोखमीच्या बोटीची २४ ते ३६ महिन्यांनी. १२ वर्षांपेक्षा जुन्या तेलवाहू जहाजाची पाळी आली की तपासणी विस्तृत होते. अशा बोटीनं बंदरात पोचण्याच्या ७२ तास आधी सूचना द्यायची असते. ही सूचना द्यायचं राहून जाणं ही चूक मी दोनदा पाहिली आहे, दोन्ही वेळा एजंट आणि कॅप्टन एकमेकांवर विसंबले होते.

म्हणून बंदर यायच्या आठवडाभर आधी 'इक्वॅसिस' या मोफत संकेतस्थळावर आपल्याच बोटीचा आयएमओ क्रमांक (कायमचा ओळखक्रमांक) टाका. मागच्या तपासण्यांत काय निघालं ते तिथं दिसतं. बोटीवरच्या फाइलमधले जुने अहवालही काढा. मागच्या बंदरात 'फायर डॅम्पर' (आग लागली की हवेची वाट बंद करणारी झडप) लिहिलं असेल, तर नवा माणूस सगळ्यात आधी फायर डॅम्परकडेच जाणार. तीच त्रुटी पुन्हा सापडली तर ती नुसत्या डॅम्परची राहत नाही. कंपनीची आयएसएम (सुरक्षित कारभाराची) व्यवस्थाच चालत नाही असा तिचा अर्थ लावला जातो, आणि ते कलम बोट अडकवायला पुरतं.

सप्टेंबर ते नोव्हेंबर या तीन महिन्यांत पॅरिस आणि टोकियो मिळून दर वर्षी एका विषयावर खास मोहीम काढतात. २०२३ ला अग्निसुरक्षा होती, २०२४ ला पगार आणि नोकरीचे करार, २०२५ ला बॅलास्ट वॉटर (बोट स्थिर ठेवायला भरलेलं पाणी). मोहिमेची प्रश्नावली आधीच जाहीर होते. ती छापून, एकेक प्रश्न घेऊन बोटीवर फिरा. पेपर आधीच फुटलेला असताना नापास होणं शोभत नाही.

दुसरी पायरी: कागद

कॅप्टनच्या केबिनमध्ये तो आधी कागद मागतो. प्रमाणपत्रांची फाइल मागितल्याबरोबर, क्रमवार, मुदतींच्या तक्त्यासह समोर आली की अर्धी लढाई सोपी होते. टँकरवर नेहमीच्या प्रमाणपत्रांखेरीज आयओपीपीचा (तेलप्रदूषण रोखण्याच्या प्रमाणपत्राचा) फॉर्म बी, तेलप्रदूषणाच्या भरपाईचं सीएलसी प्रमाणपत्र, क्रूड ऑइल वॉशिंगची (कच्च्या तेलानंच टाक्या धुण्याची) आणि ओडीएमईची (सोडलेल्या पाण्यातलं तेल मोजणाऱ्या यंत्राची) मंजूर पुस्तिका, समुद्रात बोट-टू-बोट माल देण्याघेण्याचा आराखडा आणि विस्तारित सर्व्हेची फाइल लागते. शेवटची फाइल जुन्या टँकरवर हमखास अपुरी असते. टाक्यांमधल्या पत्र्याची जाडी मोजल्याचे अहवाल तिच्यात असतात आणि ती बोटीवरच असावी लागते. ऑफिसात आहे म्हणून चालत नाही. अधिकाऱ्यांच्या सर्टिफिकेटांवर टँकरचं एंडोर्समेंट आहे का, आणि ते याच प्रकारच्या टँकरचं आहे का, हेही बघून ठेवा.

आता ऑइल रेकॉर्ड बुक. यावर मी जरा जास्तच बोलणार आहे, कारण इथं जितके लोक फसलेले पाहिले तितके दुसरीकडे कुठं पाहिले नाहीत.

पहिला भाग इंजिनरूमचा, दुसरा मालाचा. तपासनीस वाचत बसत नाही, तो हिशेब करतो. हेवी फ्युएल शुद्ध करताना साधारण एक ते दीड टक्का स्लज (तेलाचा गाळ) निघतो असं मार्पोलच्या हिशेबात धरलेलं आहे. रोजचं इंधन ४० टन असेल तर दिवसाला ०.४ ते ०.६ घनमीटरच्या आसपास. तुमच्या वहीत महिनाभर टाकी जवळपास जागच्या जागी आणि बंदरात स्लज दिल्याची पावतीही नाही, तर तो मान वर करून विचारणार: गेलं कुठं? इन्सिनरेटरच्या (गाळ जाळायच्या भट्टीच्या) पाटीवर तासाला किती लिटर जळतं ते लिहिलेलं असतं. तीन तासांत त्याच्या दुप्पट जाळल्याची नोंद सापडली की पुढचं संभाषण वेगळ्या आवाजात होतं. ऑइली वॉटर सेपरेटरचंही तसंच: यंत्र तासाला २ घनमीटरचं, आणि वहीत एका तासात ६ घनमीटर बाहेर. टाकीचं नाव आणि क्षमता आयओपीपीच्या पुरवणीत जसं आहे तसंच वहीत हवं. प्रत्येक नोंदीखाली काम करणाऱ्या अधिकाऱ्याची सही, भरलेल्या प्रत्येक पानाखाली कॅप्टनची. शेवटच्या नोंदीनंतर वही तीन वर्षं जपायची.

दुसऱ्या भागात गंमत वेगळी. कायद्यानं टँकर किनाऱ्यापासून ५० नॉटिकल मैलांपलीकडे, विशेष क्षेत्र सोडून, चालत असताना, ओडीएमईच्या देखरेखीखाली, मैलाला ३० लिटरपेक्षा जास्त नाही या बेतानं टाकी धुतलेलं पाणी सोडू शकतो. प्रत्यक्षात बऱ्याच कंपन्या आता सगळं स्लॉप (हे धुतलेलं तेलकट पाणी) किनाऱ्यावरच देतात. चांगलंच आहे, पण मग ओडीएमई वर्षानुवर्षं चालतच नाही, नमुन्याचा पंप जाम होतो, आणि तपासनीस म्हणतो, "चालवून दाखवा." वापरत नाही हे उत्तर तिथं चालत नाही. ओडीएमई किंवा १५ पीपीएमचा अलार्म (सोडलेल्या पाण्यात त्याहून जास्त तेल आलं की वाजणारा) बंद असणं ही बोट अडकवण्याच्या कारणांत स्पष्ट लिहिलेली गोष्ट आहे. महिन्यातून एकदा ते यंत्र गोड्या पाण्यावर चालवा आणि चालवल्याची नोंद ठेवा.

चुकीची नोंद झाली असेल तर एक रेघ मारून, मूळ अक्षर वाचता येईल असं ठेवून, बाजूला सही करून दुरुस्त करा. पान फाडू नका, व्हाइटनर लावू नका. अमेरिकेत तर परक्या बोटीनं खोल समुद्रात काय सोडलं यापेक्षा तिथल्या बंदरात खोटी वही पुढं केली यावरच खटले उभे राहतात, आणि चीफ इंजिनिअर तुरुंगात जातो.

तिसरी पायरी: फेरी

कागद बरे असतील आणि फेरीत डोळ्यांत भरण्यासारखं काही नसेल, तर साधारण जोखमीच्या बोटीची तपासणी दोन-तीन तासांत आटोपते. काही खटकलं की 'स्पष्ट कारण' मिळालं असं मानून तो सखोल तपासणीत शिरतो. तिथून पुढं वेळेला हिशेब नाही.

डेकवर त्याची नजर इनर्ट गॅस (टाकीत आग धरू नये म्हणून भरलेला, ऑक्सिजन कमी असलेला वायू) व्यवस्थेवर असते. टाकीत जाणाऱ्या गॅसमध्ये ऑक्सिजन ५ टक्क्यांपेक्षा जास्त नको, टाकीतल्या हवेत ८ टक्क्यांपेक्षा जास्त नको, आणि टाकीत दाब कायम थोडा तरी वरच हवा. तो ऑक्सिजन अॅनालायझर तपासून दाखवायला सांगतो, म्हणजे शून्याचा गॅस, मग साधी हवा, आकडे बरोबर येतात का ते. डेक सीलमधलं (टाकीतला वायू मागे येऊ न देणारं) पाणी वाहतंय का हे काचेतून बघतो. पीव्ही व्हॉल्व्ह (टाकीतला दाब सांभाळणारी झडप) हातानं उचलून बघतो. पेंटच्या थरानं चिकटलेला पीव्ही व्हॉल्व्ह मी स्वतः पाहिला आहे, बोसननं मन लावून रंगवला होता बिचाऱ्यानं. व्हेंटच्या जाळ्या, फोम मॉनिटरची चाकं, फोमचा नमुना तपासल्याचं प्रमाणपत्र, आपत्कालीन टोइंगची सामग्री (२०,००० टनांवरच्या टँकरला ती लागतेच), हायड्रॉलिक पाइपांची गळती बुजवायला लावलेल्या सिमेंटच्या पेट्या. सिमेंटची पेटी दिसली की तो क्लासला कळवलं का एवढंच विचारतो. कळवलं नसेल तर पेटी तुमच्या विरोधात बोलते.

पंपरूम (मालाचे पंप असलेली खोली) सावकाश करा. डिसेंबर २०२४ मध्ये फिनलंडच्या आखातात 'ईगल एस' हा कूक आयलंड्सच्या झेंड्याचा, २००६ साली बांधलेला टँकर समुद्राखालची विजेची केबल तोडल्याच्या संशयावरून ताब्यात घेतला गेला, ती बातमी आपल्याकडेही आली. त्या बोटीवर जॉर्जियाच्या खलाशांबरोबर भारतीयही होते. केबलचा तपास पोलीस करत होते. पण फिनलंडच्या वाहतूक खात्यानं वेगळी पीएससी तपासणी केली तिच्यात ३२ त्रुटी निघाल्या आणि बोट दुरुस्तीपर्यंत अडकली. गंभीर त्रुटी होत्या अग्निसुरक्षेच्या, नेव्हिगेशनच्या साधनांच्या आणि पंपरूमच्या वायुवीजनाच्या. पेट्रोलनं भरलेल्या टँकरवर पंपरूमचा पंखा धड नसणं म्हणजे काय हे टँकरवाल्याला सांगावं लागत नाही.

त्यामुळे पंपरूममध्ये हे स्वतः करून बघा. पंखा सुरू केल्यावर हवा खालच्या पातळीवरून खरंच ओढली जाते का, डक्टच्या तोंडाशी कागदाचा तुकडा धरून बघा. तासाला २० वेळा हवा बदलली पाहिजे असा नियम आहे. डॅम्परचं हँडल फिरवताना एक माणूस डक्टमध्ये टॉर्च मारून आतली झडप हलते का हे बघू दे. एका बोटीवर माझ्या डोळ्यांसमोर हँडल लोण्यासारखं फिरलं आणि आतली झडप गंजून केव्हाच गळून पडलेली होती. महिन्याच्या चेकलिस्टवर दर वेळी बरोबरची खूण. गॅस डिटेक्टरचा अलार्म स्फोटाच्या खालच्या मर्यादेच्या १० टक्क्यांच्या आत वाजला पाहिजे. बिल्ज अलार्मचा फ्लोट उचलून बघा, पंपाच्या बेअरिंगचे तापमापक कंट्रोलरूममध्ये खरे आकडे दाखवतात का बघा. बिल्जमध्ये तेल साठलेलं नको, आणि दिव्याची काच फुटलेली तर अजिबात नको.

इंजिनरूममध्ये चार गोष्टी आधी चालवून दाखवायला सांगतात: इमर्जन्सी जनरेटर (आपोआप सुरू होऊन ४५ सेकंदांत लोड घेतला पाहिजे, आणि सुरू करायची दुसरी रीतही चालली पाहिजे), इमर्जन्सी फायर पंप, इंधनाचे क्विक क्लोजिंग व्हॉल्व्ह आणि सेपरेटरचा तीनमुखी व्हॉल्व्ह. साउंडिंग पाइपचं (टाकीतली पातळी मोजायच्या नळीचं) आपोआप मिटणारं झाकण दोरीनं बांधून ठेवायची खोड आमच्याकडच्या ऑइलरना फार. ती दोरी आजच सोडा. गरम एक्झॉस्टच्या आवरणात तेल मुरलेलं, बिल्जमध्ये तेलकट पाणी साचलेलं, या नुसत्या अस्वच्छतेवर बोट अडकल्याची उदाहरणं कमी नाहीत. सेपरेटरजवळ कुठं पाइपाचे नटबोल्ट नव्यानं उघडल्यासारखे चकचकीत दिसले, तर तिथं तो थांबणार आणि फ्लँज उघडायला सांगणार.

चौथी पायरी: माणसं

इथं अधिकाऱ्यांची सगळ्यात मोठी चूक होते. तपासनीस पंपमनला विचारतो, "गॅस मीटर दाखव, कसा वापरतोस?" आणि चीफ ऑफिसर मध्येच उत्तर देतो. गप्प राहा. पंपमनला इंग्रजीत वाक्य जमलं नाही तरी त्यानं मीटर चालू करून, मोकळ्या हवेत शून्यावर आणून, बंप टेस्ट (थोडा गॅस देऊन मीटर वाजतो का ती चाचणी) करून दाखवली की बस्स. आमचा एक पंपमन गुहागरकडचा होता, त्याला इंग्रजी चार शब्दांपलीकडे येत नसे. पण त्यानं न बोलता मीटर, गॅसची बाटली, बाटलीवरची तारीख, कॅलिब्रेशनचा कागद हे ओळीनं टेबलावर मांडलं आणि तपासनीस हसून पुढं गेला.

ड्रिल होणारच असं धरून चाला. आग आणि अबँडन शिपची (बोट सोडून जायची) ड्रिल महिन्यातून एकदा, बंद जागेत शिरण्याची आणि तिथून माणूस काढायची दोन महिन्यांतून एकदा. पाऊणएक खलाशी जुने असतील तर ठीक, पण २५ टक्क्यांहून जास्त लोक आधीच्या महिन्यातल्या ड्रिलला नव्हते, तर सुटल्यापासून २४ तासांत ड्रिल घ्यावी लागते. ही गोष्ट कागदावर सापडते, कारण क्रू लिस्टवर चढल्याच्या तारखा असतात. ड्रिल नाटकासारखी घोकू नका. आज आग पंपरूममध्ये, उद्या प्युरिफायर रूममध्ये, परवा गॅलीत असं करा. एरवी पंपरूमची आग म्हटल्यावर सगळे होज घेऊन धावतात आणि पंखा बंद करायचं कोणालाच सुचत नाही.

विश्रांतीच्या तासांचं पुस्तक. २४ तासांत किमान १० तास, सात दिवसांत ७७, आणि ते १० तास जास्तीत जास्त दोन तुकड्यांत, त्यातला एक किमान सहा तासांचा. टँकरवर, विशेषतः दोन दिवसांत दोन बंदरं आणि मध्ये टाक्या धुणं असेल तेव्हा, चीफ ऑफिसरला हे पाळणं जवळजवळ अशक्य असतं. म्हणून संगणकात सुबक निळे चौकोन भरले जातात. तपासनीस कार्गो लॉग मागतो, त्यात पहाटे ३.१० ला तुमची सही, आणि विश्रांतीच्या तक्त्यात तुम्ही झोपलेले. दोन वह्या शेजारी ठेवल्या की त्या एकमेकींची चहाडी करतात. नियम मोडला असेल तर मोडल्याची खरी नोंद ठेवा, कारण लिहा, नंतर भरून दिलेली विश्रांती लिहा, कंपनीला पाठवलेला ईमेल जोडा. हे कबूल करणाऱ्या बोटीला त्रुटी मिळेल. खोटं लिहिणाऱ्या बोटीच्या बाकीच्या सगळ्या कागदांवरचा विश्वास उडेल.

काही बिघडलेलंच असेल तर

बंदर यायच्या आधीच एखादं यंत्र बंद पडलं असेल तर लपवू नका. क्लासला कळवा, फ्लॅगकडून मुदतीची परवानगी घ्या, सुट्या भागाची ऑर्डर आणि तो कुठल्या बंदरात येणार याचा कागद काढा, आणि बंदराच्या अधिकाऱ्यांना स्वतःहून आधी लिहा. प्रवासात झालेल्या नुकसानीची खबर कॅप्टननं वेळेवर दिली असेल आणि दुरुस्तीची सोय लावली असेल, तर त्यासाठी बोट अडकवू नये असं आयएमओच्या (आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या) कार्यपद्धतीतच म्हटलेलं आहे. तोच बिघाड तपासनिसानं शोधून काढला तर गोष्ट पालटते.

तपासणी संपल्यावर तो अहवाल देतो, फॉर्म ए आणि फॉर्म बी. बी वर प्रत्येक त्रुटीसमोर एक आकडा असतो. १० म्हणजे दुरुस्त झाली, १५ म्हणजे पुढच्या बंदरात करा, १६ म्हणजे १४ दिवसांत, १७ म्हणजे निघण्याआधी, आणि ३० म्हणजे अडकलात. तो आकडे लिहीत असताना हळू आवाजात, पुराव्यानिशी बोला: "हा पंप आता चालवून दाखवतो, तोवर हे उघडं ठेवाल का?" ३० चा १७ होणं अशा वेळी शक्य असतं. आवाज चढवून, कंपनीचं नाव घेऊन, किंवा पिशवीत सिगारेटी आणि बाटली घालून काही होत नाही; शेवटच्या प्रकारानं तर होत्याचं नव्हतं होतं.

अडकलातच तर पहिले २४ तास

डिटेन म्हणजे बोटीनं बंदर सोडायचं नाही. माल उतरवणं थांबेलच असं नाही. ज्यासाठी बोट अडकली तो धोका मालाच्या कामातच असेल तर तेही थांबवतात. टर्मिनलला जेट्टी हवी असते, त्यामुळे माल संपला की बहुतेक वेळा तुम्हाला नांगरावर पाठवतील. तिथं सुटे भाग लाँचनं आणावे लागतील, त्याचा वेळ आणि खर्च आधीच धरा.

कंपनीच्या डीपीएला (सुरक्षेसाठी नेमलेल्या किनाऱ्यावरच्या अधिकाऱ्याला) लगेच फोन, मग क्लास, मग फ्लॅग, मग एजंट आणि पी अँड आय क्लबचा (जहाजमालकांच्या विमा संस्थेचा) स्थानिक माणूस. अहवालातली प्रत्येक ओळ वेगळ्या कागदावर घेऊन, दुरुस्ती कोण करणार, केव्हा होणार, क्लासचा माणूस केव्हा बघणार हे लिहा. दुरुस्तीआधीचे आणि नंतरचे फोटो ठेवा. सगळं झाल्याची खात्री झाल्यावरच फेरतपासणीला बोलवा. त्याचा खर्च जहाजमालकाच्या डोक्यावर असतो, आणि अर्धवट कामावर बोलावलं तर दुसऱ्या फेरीचाही. तिथं दुरुस्ती होण्यासारखीच नसेल तर ठरावीक यार्डापर्यंत, अटींसह, जायची परवानगी मिळू शकते. अशी परवानगी घेऊन यार्डात न जाणं किंवा सुटका नसताना निघून जाणं हे करू नका. पॅरिस एमओयूच्या सगळ्या बंदरांची दारं त्या बोटीला बंद होतात. वारंवार अडकलेल्या बोटीवरही अशी बंदी येते: पहिल्यांदा ३ महिने, मग १२, मग २४, आणि त्यानंतर कायमची.

निर्णय चुकीचा वाटला तर मालकाला अपील करता येतं, त्याची रीत आणि मुदत अहवालातच किंवा सोबतच्या कागदावर लिहिलेली असते. अपील केलं म्हणून बोट सुटत नाही, त्यामुळे दुरुस्ती आणि अपील दोन्ही एकदमच चालवावं लागतं. इतकं करूनही ती नोंद ३६ महिने तुमच्या जोखमीच्या हिशेबात राहते आणि भाड्यानं घेणारी तेल कंपनी पुढच्या वेळी तीच आधी वाचते.

मालकानंच हात वर केले तर

जुन्या, तीन-चार वेळा नाव आणि झेंडा बदललेल्या टँकरांवर हे होतं. बोट अडकते, दुरुस्तीचा खर्च बोटीच्या किमतीच्या जवळ जातो आणि ऑफिसचा फोन लागेनासा होतो. पगार दोन महिने थकला, जेवणखाण-इंधन बंद झालं, घरी पाठवायची सोय होत नाही, यातलं एकही घडलं तर एमएलसीनुसार तुम्ही 'अबँडन' (वाऱ्यावर सोडलेले) झालात. २०१७ पासून अशा वेळेसाठी विम्याचं प्रमाणपत्र बोटीवर लावलेलं असणं सक्तीचं आहे. त्यातून चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार आणि घरी परतायचा खर्च मिळतो. त्या प्रमाणपत्राचा आणि आपल्या कराराचा फोटो चढल्या दिवशीच घरी पाठवून ठेवा. पीएससी ऑफिसरकडे खलाशानं तक्रार केली तर तक्रार करणाऱ्याचं नाव तो कॅप्टनला किंवा मालकाला सांगत नाही. नौवहन महासंचालनालयाला आणि आयटीएफला (वाहतूक कामगारांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाला) लिहा.

सोडून दिलेली बोट कुठं जाईल याचा नेम नसतो. ३१ जुलै २०११ च्या पहाटे जुहूच्या वाळूत 'पवित' नावाचा पनामाच्या झेंड्याचा छोटा टँकर येऊन रुतला होता, आठवत असेल. त्याच्या खलाशांना आधीच ओमानजवळच्या समुद्रातून वाचवलेलं होतं. बोट बुडाली असं सगळे धरून बसले होते, आणि ती माणसांशिवाय अरबी समुद्र ओलांडून मुंबईत आली.

त्यामुळे रुजू व्हायच्या आधी एजंट कितीही घाई करो, दोन गोष्टी बघा. पाठवणाऱ्या कंपनीचा आरपीएसएल (खलाशी भरतीच्या परवान्याचा) क्रमांक महासंचालनालयाच्या यादीत आहे का, आणि करारावरचा बोटीचा सात आकडी आयएमओ क्रमांक इक्वॅसिसवर टाकल्यावर कुठली बोट निघते, किती वर्षांची, किती वेळा अडकलेली. नाव आणि झेंडा बदलतो, तो क्रमांक बोट भंगारात जाईपर्यंत बदलत नाही. सोलासनुसार तो बाहेर स्टर्नवर किंवा बाजूला किमान २०० मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत कोरलेला असतो. टँकरवर तो आतही असतो, सहसा पंपरूममध्ये. पहिल्याच दिवशी पंखा सुरू करून, मीटर घेऊन खाली उतराल तेव्हा टॉर्च मारून तो वाचा आणि करारावरच्या क्रमांकाशी ताडून बघा.